झाकली मूठ अठरा संघांची

११ ऑक्टोबर २०२५. कोजागिरी खरं तर सोमवारीच होऊन गेली होती, पण अमेरिकेतल्या मराठी मंडळांकडे सगळे सण शनिवारी येतात. आम्ही कोलंबसमध्ये एका भाड्याच्या हॉलमध्ये मसाला दुधाचं पातेलं चढवलं होतं. ढवळायला उभे असलेले काका एका हाताने डाव फिरवत होते, दुसऱ्या हातात फोन. आमच्या गावच्या ओहायो स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल सामना दुपारीच आटपला होता. काका बघत होते तो पार पश्चिमेकडचा, इंडियाना विरुद्ध ऑरेगन. चौथ्या क्वार्टरमध्ये २०-२० अशी बरोबरी, मग इंडियानाचा टचडाउन, मग फील्ड गोल, आणि ३०-२० असा निकाल. काकांनी फोन खिशात टाकला आणि म्हणाले, "एक जिंकले म्हणून काय झालं? हे खेळलेत कोणाशी?" दूध तळाला लागलंय हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

"हे खेळलेत कोणाशी" हा प्रश्न गेली दोन वर्षं अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये एखाद्या शिवीसारखा वापरला जातोय. माझं म्हणणं असं की प्रश्न शंभर टक्के रास्त आहे, फक्त तो चुकीच्या माणसांना विचारला जातो. तो संघांना नाही, कॉन्फरन्सेसना विचारायला हवा.

हा खेळ न बघणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. २०२५ मध्ये वरच्या श्रेणीत १३६ विद्यापीठांचे संघ होते, आणि प्रत्येकाच्या वाट्याला नियमित मोसमात १२ सामने. हाडं मोडणारा खेळ असल्याने आठवड्याला एकाहून जास्त सामना झेपत नाही. म्हणजे प्रत्येक संघ उरलेल्या १३५ पैकी फार तर डझनभरांना भेटतो, आणि तेवढ्या पुराव्यावर डिसेंबरमध्ये एक निवड समिती बाद फेरीचे १२ संघ ठरवते. या १२ सामन्यांपैकी आठ किंवा नऊ आपल्याच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे गटात, खेळावे लागतात.

हे गट एकेकाळी भूगोलावर बेतलेले होते. शेजारची राज्यं, रेल्वेने जाण्याजोगी अंतरं, पिढीजात वैरं. २०२१ मध्ये टेक्सस आणि ओक्लाहोमा यांनी दक्षिणेच्या एसईसी गटात जायचं ठरवलं. ३० जून २०२२ला लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या दोघांनी मिडवेस्टच्या बिग टेन गटाचं बोट धरलं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ऑरेगन आणि वॉशिंग्टनही त्यांच्यामागे गेले. १९१५ पासून चालत आलेला पश्चिम किनाऱ्याचा पॅक-१२ गट दोन संघांवर येऊन ठेपला. कारण एकच: टीव्ही. बिग टेनने २०२२ मध्ये केलेला सात वर्षांचा प्रक्षेपण करार सात अब्ज डॉलर्सच्या वरचा आहे. आता बिग टेनमध्ये १८ संघ आहेत, बिग ट्वेल्व्हमध्ये १६, आणि अटलांटिक कोस्ट म्हणवणाऱ्या एसीसीमध्ये कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड. नावांची थट्टा करून झाली आहे, ती सोडून देऊ. खरी गोम आकडेमोडीत आहे.

२००६ ते २०१० या काळात तेव्हाच्या पॅक-१० मध्ये दहा संघ होते आणि गटातले सामने प्रत्येकी नऊ. सगळे सगळ्यांशी भिडायचे. ४५ जोड्या, ४५ सामने. पहिला आला तो पहिला, वाद संपला. आज बिग टेनमध्ये १८ संघांच्या १५३ जोड्या होतात आणि नऊ-नऊ सामन्यांच्या हिशोबाने खेळले जातात ८१. बाकी ७२ जोड्या समोरासमोर येतच नाहीत. एसीसीत १७ संघ, १३६ जोड्या, २०२५ पर्यंत आठ-आठ सामने, म्हणजे बरोबर निम्मे. गुणतक्ता मात्र पूर्वीसारखाच वरपासून खालपर्यंत छापला जातो, जणू सगळ्यांनी एकच पेपर दिलाय.

ही झाली अर्धी अडचण. उरलेली अर्धी जास्त खोल आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. गटातल्या प्रत्येक सामन्यात एक जिंकतो, एक हरतो. बिग टेनच्या ८१ सामन्यांत ८१ विजय आणि ८१ पराभव निघणार. गटात अठरा बलदंड भरा नाहीतर अठरा लुळेपांगळे, बेरीज तीच. घरातल्या घरात पत्ते खेळून कोणाच्या खिशातलं कोणाच्या खिशात गेलं एवढंच कळतं. घर श्रीमंत की कर्जबाजारी ते कळत नाही. ते कळायला घराबाहेर व्यवहार करावा लागतो. तो व्यवहार म्हणजे गटाबाहेरचे तीन-चार सामने, आणि त्यातलेही एक-दोन कोणाशी? एखाद्या लहान विद्यापीठाला दहा लाख डॉलर्स किंवा त्याहूनही जास्त मोजून, आपल्या मैदानावर येऊन हरून जाण्यासाठी बोलावलेलं असतं. बिग टेन आणि एसीसी, किंवा बिग टेन आणि एसईसी, यांच्यात नियमित मोसमात होणारे खरे सामने बोटांवर मोजण्याइतके.

संगणकाची क्रमवारी यावर उतारा आहे असं पुष्कळांना वाटतं. मला ती आवडते. शनिवारी रात्री एकेक सूत्र उलगडून बघणाऱ्यांपैकी मी आहे. २०२५ पासून समितीनेही एक नवा निकष घेतला: तगड्याला हरवलं तर जास्त श्रेय, तगड्याकडून हरलं तर कमी शिक्षा. पण प्रतिस्पर्धी तगडा आहे हे सूत्राला कळतं कुठून? त्याच्या प्रतिस्पर्ध्यांवरून, आणि त्यांचं त्यांच्या. साखळी फिरत फिरत गटाच्या कुंपणापाशी येते, आणि कुंपणावर फाटकं दोन-चारच. मोसमाच्या पहिल्या पंधरवड्यात, संघ अजून धड बसलेले नसताना झालेल्या त्या थोड्या निकालांवर सगळ्या गटाची किंमत टांगलेली राहते.

आता इंडियाना. वर्षानुवर्षं वरच्या श्रेणीत सर्वाधिक पराभवांचा विक्रम बाळगणारा संघ. २०२३ मध्ये तीन विजय, नऊ पराभव. २०२४ मध्ये कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक म्हणून आले आणि संघ ११-१ झाला. लगेच ओरड सुरू झाली: शेड्यूल मऊ. नावडतीचं मीठ अळणी. तपासलं तर ओरड खोटी नव्हती. गटातल्या नऊ प्रतिस्पर्ध्यांपैकी नियमित मोसमात पराभवांपेक्षा विजय जास्त असलेले दोनच, मिशिगन आणि ओहायो स्टेट. त्यातल्या ओहायो स्टेटने त्यांना ३८-१५ असं धुतलं. अपराजित ऑरेगन आणि ११-१चा पेन स्टेट वाट्याला आलेच नाहीत. बाद फेरीत नोत्र दामकडून २७-१७ असा पराभव झाला, आणि बोलणारे म्हणाले, बघा.

पण ते वेळापत्रक बनलं कधी? ऑक्टोबर २०२३ मध्ये. तेव्हा मिशिगन आणि वॉशिंग्टन दोघेही अपराजित होते, आणि पुढे जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय अंतिम सामना या दोघांतच झाला. म्हणजे कागदावर इंडियानाला गेल्या वर्षीचे विजेते आणि उपविजेते असे दोघेही दिले होते. यापेक्षा अवघड पान कोणाला वाढणार? मधल्या काळात मिशिगनचे प्रशिक्षक व्यावसायिक लीगमध्ये गेले, वॉशिंग्टनचे अलाबामाला गेले, खेळाडू इकडेतिकडे पांगले, आणि मोसम संपला तेव्हा मिशिगन ७-५ झालेला, वॉशिंग्टन ६-६. इंडियानाने दोघांनाही हरवलं, आणि त्याचं श्रेय शून्य धरलं गेलं. खेळाडूंनी वर्षावर्षाला संघ बदलण्याच्या आजच्या काळात कुठलं शेड्यूल कडक आणि कुठलं मऊ हे आधी ठरवताच येत नाही. मग त्याची जबाबदारी खेळणाऱ्यावर कशी टाकता?

इथे एक सावधगिरी. २०२५ मध्ये इंडियानाने अलाबामाला ३८-३, ऑरेगनला पुन्हा ५६-२२ आणि १९ जानेवारी २०२६ला अंतिम सामन्यात मायामीला मायामीच्याच मैदानावर २७-२१ असं हरवून १६-० केलं. आता काहीजण म्हणतात, म्हणजे २०२४चे टीकाकार मूर्ख होते. हे बरोबर नाही. २०२४चा पुरावा तुटपुंजाच होता. २०२५चा संघ निराळा, क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, निराळा. ज्या वर्षीचं माप त्या वर्षी. खंत एवढीच की २०२४च्या नियमित मोसमात खरं माप घेता येईल असा सामना त्यांना ओहायो स्टेटखेरीज मिळाला नाही, आणि तो मागून घेण्याची सोय कुठेच नव्हती.

एसईसीवाल्यांचं म्हणणं याच्या अगदी उलट. आमचा गट इतका कडवा की आमचे तीन पराभव म्हणजे तुमचे शून्य. २०२४ मध्ये अलाबामा ९-३ राहून बाद फेरीला मुकला आणि एसीसीतला ११-२चा एसएमयू आत गेला, तेव्हा केवढा आकांत झाला. एसएमयूला पेन स्टेटने ३८-१० असं लोळवल्यावर तर आवाज आणखी चढला. पण अलाबामाचे पराभव बघा. व्हँडरबिल्टकडून ४०-३५, ओक्लाहोमाकडून २४-३, आणि हे दोघेही त्या नियमित मोसमात ६-६. दुसऱ्या गटातला संघ ६-६वाल्याकडून हरला तर तो त्याचा कमकुवतपणा, आणि एसईसीतला हरला तर ती गटाची खोली. आपला तो बाब्या! याच अलाबामाने नोव्हेंबरच्या मध्यावर, बाकीचे जिवावर उदार होऊन खेळत असताना, खालच्या श्रेणीतल्या मर्सरला घरी बोलावून ५२-७ असं हरवलं होतं.

एसईसीचा इतिहास मोठा आहे, यात वाद नाही. २००६ ते २०२२ या १७ मोसमांत १३ राष्ट्रीय विजेतेपदं त्यांची. पण इतिहासावरच जागा वाटायच्या तर २०२३ मिशिगन, २०२४ ओहायो स्टेट, २०२५ इंडियाना अशी सलग तीन बिग टेनने घेतली आहेत, तेव्हा आता आमचे तीन पराभव माफ करा. मी कोलंबसमध्ये राहून हे म्हणतोय, माझ्या गल्लीत ते लोकांना आवडेलही, तरी सांगतो की तेही तितकंच अडाणीपणाचं होईल.

गट कडवा असल्याने चांगला संघ अडकून पडतो ही तक्रार मात्र मराठी माणसाला ओळखीची वाटावी. १९५७-५८ पासून रणजी करंडकात विभागवार साखळी सुरू झाली आणि विभागातून एकच संघ पुढे जायचा. पश्चिम विभागात मुंबई. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वर्षं करंडक मुंबईकडे. महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र यांनी कितीही चांगलं खेळावं, पुढचं दार मुंबईच्या पाठीमागे बंद. देशातला दुसरा संघ याच विभागात असू शकेल, ही शंका पुण्यातल्या कट्ट्यांवर सिद्ध करता येत नव्हती. १९७०-७१ मध्ये नियम बदलला, विभागातून दोन संघ घेऊ लागले. आणि पहिल्याच वर्षी अंतिम सामना कोणात झाला? मुंबई आणि महाराष्ट्र. मुंबईचे मोठे खेळाडू वेस्ट इंडीजला गेलेले, सुधीर नाईक कर्णधार, आणि मुंबई ४८ धावांनी जिंकली.

एसईसीचा एखादा वकील ही गोष्ट ऐकून म्हणेल, मग आमचंच खरं ठरलं की. नाही. महाराष्ट्राची योग्यता 'आम्ही मुंबईच्या विभागातले' असं सांगून ठरली नव्हती. ती विभागाबाहेरच्या संघांना बाद फेरीत हरवून ठरली. दार उघडलं आणि मैदानात उतरावं लागलं.

बुद्धिबळवाल्यांना आणखी एक गंमत कळेल. स्विस पद्धतीच्या स्पर्धेत गुण सारखे झाले की कोणाचे प्रतिस्पर्धी जास्त गुण मिळवणारे होते ते बघतात. तिथे हे चालतं, कारण जोड्याच दर फेरीला कामगिरी बघून लावलेल्या असतात. जिंकत राहिलात की आपोआप तगडे समोर येतात. एसीसीने २०२५ मध्ये हीच युक्ती वापरली. गटाच्या अंतिम सामन्यातल्या दुसऱ्या जागेसाठी ड्यूक, मायामी, जॉर्जिया टेक, पिट्सबर्ग आणि एसएमयू असे पाचजण ६-२ वर अडकले. प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांच्या टक्केवारीवर त्या सामन्यात गेला ड्यूक. एकूण ७-५, गटाबाहेर इलिनॉय, टुलेन आणि युकॉन अशा तिघांकडून हरलेला, आणि मायामीशी ज्याचा सामनाच झाला नव्हता असा. पण एसीसीच्या जोड्या कामगिरी बघून लावलेल्या नव्हत्या. त्या २०२३ मध्येच थेट २०३० पर्यंतच्या जाहीर करून ठेवल्या होत्या. दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठ्यांवर बरोबरी सोडवायची, याला पद्धत म्हणण्यापेक्षा मटका म्हणावं. ड्यूक तो सामना जिंकून गटविजेता झाला तरी बाद फेरीत गेला नाही, त्याला हरवणारा टुलेन मात्र गेला. आणि गटाच्या अंतिम सामन्यालाही न पोचलेला मायामी टेक्सस ए अँड एम, ओहायो स्टेट आणि ओल मिस यांना हरवत राष्ट्रीय अंतिम सामन्यात उतरला. गटाचा तक्ता काय सांगतो आणि काय सांगत नाही, याचं यापेक्षा ठळक उदाहरण मी तरी पाहिलेलं नाही.

आता पुढची गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त टोचते. ३० ऑगस्ट २०२५ला टेक्सस आमच्या कोलंबसला येऊन ओहायो स्टेटशी खेळला. १४-७ असा हरला. मोसमाअखेर ९-३ झाला आणि बाद फेरीबाहेर राहिला. त्यांच्या बाजूने युक्तिवाद झाला की तो सामना ठेवलाच नसता, एखाद्या लिंबूटिंबूला बोलावलं असतं, तर १०-२ होऊन आत गेलो असतो. बहुधा खरंही आहे. म्हणजे घराबाहेर पडून खरा व्यवहार करणारा मार खातो आणि दार लावून बसलेला शहाणा ठरतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. कॉन्फरन्सेसना हे पक्कं ठाऊक आहे. २०२६ पासून एसईसीही गटातले सामने आठावरून नऊ करते आहे, आणि त्याचं कडवेपणाची परीक्षा म्हणून कौतुक चाललंय. मोजून बघा: घरातल्या घरात आणखी एक डाव वाढला, घराबाहेरचा एक कमी झाला. १९२६ साली सुरू झालेली यूएससी आणि नोत्र दाम यांची लढतही २०२६ मध्ये होणार नाही. तारखेची आणि बाद फेरीच्या गणिताची घासाघीस मिटली नाही.

माझी मागणी साधी आहे. नोव्हेंबरातला एक शनिवार चारही मोठ्या गटांनी मोकळा ठेवावा. ऑक्टोबरअखेरच्या तक्त्यावरून त्या दिवशीच्या जोड्या लावाव्यात: एसईसीचा पहिला बिग टेनच्या पहिल्याशी, तिसरा एसीसीच्या तिसऱ्याशी, आणि असंच खालपर्यंत. तिकिटांचं काय, हा आक्षेप लगेच येतो. स्थळ आधी ठरवा, पाहुणा नंतर. यंदा निम्मे संघ घरी खेळतील, पुढच्या वर्षी उरलेले. तिकीट घेणाऱ्याला तारीख आणि मैदान माहीत असेल, फक्त समोर कोण ते नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी कोण बसणार हे कुठे माहीत असतं, तरी आपण जातोच. मोसमाच्या मध्यावर जोड्या लावणं अशक्य म्हणाल तर कॉलेज बास्केटबॉलमध्ये ईएसपीएन वाहिनीने २००३ ते २०१३ अशी दहा-अकरा वर्षं ब्रॅकेटबस्टर्स नावाने लहान गटांसाठी हेच केलं होतं. प्रवासाचा त्रास होईल म्हणाल, तर लॉस एंजेलिसच्या मुलांना गटातल्याच सामन्यासाठी न्यू जर्सीला पाठवणाऱ्यांनी हा मुद्दा काढू नये.

हा एक शनिवार सगळे वाद मिटवेल असं नाही. एका सामन्यात नशीबही असतं, जायबंदी खेळाडूही असतात. पण एसईसी आणि बिग टेन यांच्यामध्ये ऑगस्टच्या दोन-तीन सामन्यांऐवजी नोव्हेंबरचे सात-आठ पूल असतील, संघ पिकलेले असतील, आणि संगणकाला चघळायला काहीतरी सकस मिळेल. इंडियानासारख्याला म्हणता येईल, द्या कोणीही. अलाबामासारख्यालाही तीन पराभवांनंतर स्वतःची बाजू मैदानावर मांडता येईल; निवड समितीच्या हॉटेलबाहेर उभं राहून नव्हे.

सध्या आमच्या मंडळात वेगळाच पेच आहे. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला येते. गणपतीचा मोठा कार्यक्रम आधीच्या शनिवारी, १२ला करावा असं बहुतेकांचं मत होतं, हॉलही रिकामा होता. पण १२ला ओहायो स्टेट टेक्ससला जातोय, गेल्या वर्षीच्या सामन्याची परतफेड. बैठकीत काकांनीच तो मुद्दा काढला. म्हणाले, वर्षातून असा सामना एकच, त्या दिवशी आरतीला चार माणसं मिळायची नाहीत. कार्यक्रम १९ला ठरला.